पाळण्याची जागा

पित्तरपाटाचे दिवस होते. आत्याकडं कढी-भजी-खिरीचं जेवण जरा जास्तच झालं, म्हणून रिक्षा न करता मी रामलीला मैदान तिरकं कापून पायीच निघाले. मैदानावर पोरांचं क्रिकेट ऐन रंगात आलेलं. तेवढ्यात दोन माणसं आली. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात फक्कीचं घमेलं. कुणाला काही न विचारता त्यांनी टेप सरळ पिचवरून ओढला. बॉलिंग टाकायला धावत निघालेलं पोरगं मधेच थांबलं. "ओ काका, दिसत न्हाई का? मॅच चालू हाय." त्यातला वयस्कर माणूस मान वर न करता म्हणाला, "बेटा, झूले की जगह है." पोरगं पेटलं. "कोणाचा झुला? मैदान आमचं हाय. तुम्ही कुठले?" म्हातारा तेव्हा हसला. "तेरा बाप छोटा था तब से आ रहा हूँ. तू कब आया?" यावर पोरांकडं काही उत्तर नव्हतं. त्यांनी विकेटच्या विटा उचलल्या, पलीकडं नेऊन मांडल्या आणि राहिलेली ओव्हर पुढं सुरू झाली. भांडण मिटलंसुद्धा.

माझ्या डोक्यात मात्र ते मिटलं नाही. "आमचं मैदान" असं मीही म्हणत आलेय. संभाजीनगरात राहून, हिंगोलीचा विषय निघाला की छाती फुगवून. आणि दसऱ्याला येणं मात्र नोकरी, लेकरांच्या परीक्षा, पाहुणे यांत कितीदा तरी राहून गेलंय. बरेलीकडून पाळणा घेऊन येणारा हा म्हातारा मात्र साल चुकवत नाही. मग मैदान कुणाचं?

मी तिथंच घुटमळत उभी राहिले. दसऱ्याच्या प्रदर्शनीचं, म्हणजे इथल्या जत्रेचं, ते पहिलं माप होतं. सोबतचा माणूस पहारीनं जमीन ठोकत चालला होता. पहार सहज आत गेली की पुढं सरकायचा, खणकन आवाज आला की थांबायचा. मी विचारलं तेव्हा म्हाताऱ्यानं, मास्तर पोराला समजावतो तसं मला सगळं समजावलं. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात. पाळण्याचे पाय सिमेंटात गाडलेले नसतात, लाकडी ठोकळ्यांवर उभे असतात. हस्ताचा एखादा पाऊस झाला की रातोरात एक पाय बसतो. म्हणून रोज सकाळी पारदर्शक नळीत पाणी भरून या पायापासून त्या पायापर्यंत लेव्हल बघायची आणि जिथं कमी पडेल तिथं पाचर ठोकायची. वर जाऊन किंचाळणाऱ्यांचा जीव त्या बोटभर पाचरेवर असतो. म्हणून पाळण्याला मुरूम दबलेली जुनी जागाच लागते. मैदान मैदान म्हणतो ते खरं तर काळ्या रानावर पिढ्यान् पिढ्या ओतलेला मुरूम आहे. चिखल झाला की टाका मुरूम, पुढच्या साली पुन्हा टाका. कुणी कधी एका जागी खणून पाहिलं, तर कितीतरी दसरे थराथरानं निघतील.

आमच्या लहानपणी दसऱ्याची चाहूल नाकाला आधी लागायची. ओली माती, जनरेटरचं डिझेल, तळणाचं तेल आणि दुकानांच्या छताला बांधलेल्या कोऱ्या मेणकापडाचा वास. हातभर लांबीचा पापड वरून तिखट भुरभुरून मिळायचा आणि दोघा-तिघांत तो मोडताना हमखास भांडण व्हायचं. मौत का कुआँच्या वरच्या गॅलरीत उभं राहिलं की खालच्या फळ्यांची थरथर तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढायची. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल भिंतीवरून गरगरत वर आली की लोक कठड्यावरून दहा-वीसच्या नोटा पुढं धरायचे, आणि तो हात सोडून चालवणारा पोरगा त्या बरोबर टिपून न्यायचा. आमचे बाबा दर वर्षी नोट धरायचे आणि ऐन वेळेला भिऊन हात मागं घ्यायचे. मधूनच भोंग्यावर हरवलेल्या लेकरांची नावं. एकदा असंही पुकारलं होतं की लाल फ्रॉकमधली मुलगी ऑफिसात बसली आहे, आईचं नाव विचारलं तर 'माय' एवढंच सांगते. सगळं मैदान हसलं. आणि निदान पाच-सहा बाया आपापलं लेकरू जवळ आहे का, हे चाचपायला लागल्या.

सर्कसही यायची. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांच्या वासानं पलीकडच्या गल्लीतली कुत्री रात्रभर भुंकायची म्हणे. १९९८च्या सरकारी अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले, २००१ साली सुप्रीम कोर्टानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. झालं ते बरंच झालं. पण माझ्या धाकट्या भावाला अजून वाटतं की आपण एक वर्ष उशिरा जन्मलो.

मला खरं सांगायचंय ते आत्याबद्दल. ती लग्न होऊन हिंगोलीत आली तेव्हा सतरा-अठराची. घर कडक. दिवेलागणीनंतर सुनांनी उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, आणि पडायचं तरी कुठं, जाण्यासारखी जागाच नव्हती. पण घटस्थापना झाली की हिशेब बदलायचा. "रामलीला बघून येतो" म्हटलं की सासूलाही अडवता यायचं नाही, देवाचं काम. अर्थात सासूही बरोबर असायचीच. मग जाजमावर पुढं जागा धरायची, राम-लक्ष्मण वनवासाला निघाले की डोळ्याला पदर लावायचा. संवाद सगळे तिकडच्या हिंदीतले, मधे तुलसीरामायणातल्या चौपाया. आत्याच्या सासूला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. पण "या रामाचं नाक मागल्या सालच्यापेक्षा बरं हाय" असे तिचे शेरे चालू असायचे. तासाभरानं पाय आपोआप पाळण्याकडं, बांगड्यांच्या दुकानाकडं वळायचे. परतायला मध्यरात्र. वर्षातले तेवढेच दिवस आत्यानं रात्रीचं गाव पाहिलं. "रात्री पाळण्यात बसल्यावर आपलं घर वरून केवढं दिसतं ते मला तेव्हा कळलं," असं ती सांगते आणि बोटांनी चिमटी करून दाखवते. गावाच्या एकोप्याबद्दल भाषणं खूप ऐकली. त्या चिमटीएवढं पटलेलं एकही नाही.

हे सगळं आलं कुठून, ते आम्ही कधी विचारलंच नाही. मराठी माणसाचा दसरा म्हणजे शस्त्रपूजा, सीमोल्लंघन, आपट्याची पानं. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणायचं आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. रावण उभा करून जाळायचा, त्याआधी रात्री जागवून रामलीला करायची, ही उत्तरेची चाल. ती मधला मुलूख सोडून कयाधूकाठच्या या गावात येऊन रुजली कशी, याचं उत्तर गावाच्या वस्त्यांच्या नावांतच आहे. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी. निजामानं पोसायची आणि इंग्रज अंमलदारांनी चालवायची अशी ती फौज. तिच्या छावण्या औरंगाबादला, जालन्याला, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला आणि हिंगोलीला. पैनगंगेपलीकडं वऱ्हाड, म्हणून हिंगोलीचं ठाणं मोक्याचं. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. आणि या पायदळात अवध-रोहिलखंडाकडचे शिपाई भरपूर. ज्यांना आपल्याकडं अजून 'परदेशी' म्हणतात ते.

गाव दसऱ्याचा हिशेब १८५५पर्यंत मागं नेतं. खाकीबाबा मठाच्या साधूंनी तो सुरू केला आणि छावणीतले हिंदू-मुसलमान शिपाई त्यात सामील झाले, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. मला त्या शिपायांचं चित्र डोळ्यांसमोर येतं. घर महिनाभराच्या वाटेवर. रजा मिळाली तर मिळाली. शरदाचं चांदणं पडलं की गावाकडं आता रामलीला उभी राहिली असेल, हे आठवून जीव कासावीस. मग त्यांनी इथंच मुरमाडावर आपलं गाव उभं केलं. म्हैसूरनंतर देशात दसरा हिंगोलीचाच, असं आम्ही ठणकावून सांगतो. म्हैसूरवाल्यांनी हे ऐकलं तर काय म्हणतील कोण जाणे. त्यांचा दसरा १६१०पासूनचा, वडियार राजांचा, हत्ती-अंबारीचा. आमच्या दसऱ्यामागं राजा नाही. घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेले पगारी शिपाई आहेत. मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं, पण गावातल्या सभेत हे बोलायची सोय नाही.

१९०३ साली कंटिंजंट ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली आणि छावणीचा काळ संपला. शिपायांबरोबर त्यांचा सणही जायला हवा होता. पण निवृत्त झालेले इथंच राहिले, पेन्शनपुऱ्यात त्यांची नातवंडं मराठी शाळेत जाऊ लागली, आणि तोवर सरकी-कापसाच्या व्यापाऱ्यांना, खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपून येणाऱ्या कुणब्यांना, बांगड्या विकणाऱ्यांना रामलीलेचं वेड लागलेलं होतं. पाहुणे गेले तरी त्यांचा सण आम्ही ठेवून घेतला. हैदराबादची नामपल्लीची नुमाईश आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी फार. ती १९३८मध्ये सुरू झाली. तोवर गावाच्या हिशेबानं आमच्या दसऱ्याचे ऐंशीवर रावण जाळून झाले होते.

म्हणून क्रिकेटवाल्या पोराचा तो प्रश्न, "तुम्ही कुठले?", या मैदानावर भलताच अवघड आहे. तो विचारायला लागलं तर रामही परका निघतो.

याचा अर्थ इथं कायम गुण्यागोविंदानंच चाललं असा नाही. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, १७ तारखेला निजामाची राजवट संपली आणि महिन्याभरातच दसरा आला. त्याआधी रझाकारांची दहशत, त्यानंतर खेड्यापाड्यांत मुसलमानांवर उलटलेला सूड. दोन्ही या मराठवाड्यानं पाहिलंय आणि दुसऱ्याबद्दल आपण कमी बोलतो. त्या दसऱ्याला आमच्या घरातलं कुणी बाहेर पडलं नव्हतं, एवढंच आजी सांगायची. त्यापुढं विचारलं की ज्वारी निवडायला घ्यायची. मीही फार ताणलं नाही.

प्रदर्शनी हा शब्द आता फक्त दसऱ्यापुरता उरलाय, पण त्यात खरोखरच काही 'प्रदर्शन' असायचं. शेतीची इंजिनं, पुढं विजेच्या मोटारी, शिलाई मशीन, मिक्सर. आत्याच्या घरी पहिला प्रेशर कुकर इथूनच गेला आणि त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा सासू परसात पळाली. आता स्टॉलवर हळद शिजवायचे वाफेचे बॉयलर उभे असतात, कारण जिल्ह्यात कापसाची जागा हळदीनं बरीचशी घेतली. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतकरी बॉयलरला हात लावतात, पत्र्याची जाडी नखानं वाजवून पाहतात, भाव विचारतात, "बगू" म्हणतात आणि लेकरांना घेऊन पाळण्याकडं निघून जातात. स्टॉलवाल्याला माहीत असतं, सौदा आज होत नाही. फाल्गुनात हळद उपटायला आली की फोन येतो.

आणि सगळी प्रदर्शनी शेवटी सोयाबीनवर चालते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं. लवकर निघून चार क्विंटल मोंढ्यावर गेलं तर घरात रोकड, नाहीतर पोरांची समजूत. २०२४च्या सप्टेंबराच्या पहिल्याच दिवशी हिंगोली, परभणी, नांदेडवर आभाळ फाटलं. कयाधू रानात शिरली, शेंगा भरायच्या पिकाची मुळं पाण्यात बसली. वर हमीभाव ४८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली बोली. त्या १२ ऑक्टोबरच्या दसऱ्याला मी गेले होते. रावण उंचच्या उंच, गर्दी अफाट, तरी पाळणा अर्धा रिकामा फिरत होता. लोक आले होते, खाली उभे राहून बघत होते. एक बाप पोराला सांगत होता, "वर बसल्यावर चक्कर येते, इथून चांगलं दिसतं." हे वाक्य मी लहानपणी आमच्या बाबांकडूनही ऐकलंय. १९८६-८७च्या कोरड्या सालांत, कारण तेवढं वेगळं. रावण जळताना त्याच बापानं पोराला खांद्यावर घेतलं. त्याला मात्र पैसे पडत नाहीत.

एरवी वर्षभर मैदान कुणाचंही असतं. पहाटे चालायला येणारे, त्यात रक्तदाबवाले आणि निवडणूकवाले दोन्ही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. छावणी गेली, पण राज्य राखीव पोलीस बलाचा १२वा गट हिंगोलीतच आहे, वर्दीचं आकर्षण या गावाच्या रक्तातून जात नाही. दुपारी स्कुटी शिकणाऱ्या मुली, मागं धावणारे भाऊ. सभा, मोर्चे. २०२०मध्ये टाळेबंदीत दसरा झाला तो नावापुरता, आणि तेव्हा कधी नव्हे ते मैदान खरोखर रिकामं पाहिलं. त्यावर गवत उगवलं होतं. गाव आपल्याला विसरलं तर हे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा रान होईल, हे तेव्हा कळलं.

पण रिकामी जागा बघवत नाही अशी माणसं प्रत्येक गावात असतात. आमच्या पाहुण्यांत एक आहेत, प्लॉटिंगचा धंदा. चहा पिता पिता त्यांनी या मैदानाचा फुटावर हिशेब करून दाखवला. कडेनं दुकानं, मधे सभागृह, खाली पार्किंग, वर बाग. "वर्षाचे पंधरा दिवस सोडले तर पडूनच असतं की!" मी म्हटलं, मंगल कार्यालयं पण पडूनच असतात. ते म्हणाले, त्याला भाडं येतं. बोलणं तिथंच संपलं, कारण भाड्यापुढं माझ्याकडं मुद्दा नव्हता. मुद्दा नंतर घरी सुचला, नेहमीसारखा. जी जागा एकाच कामाची असते तिथं परक्या माणसाला येता येत नाही. बागेत क्रिकेट चालत नाही, स्टेडियमवर बरेलीचा पाळणा चालत नाही, सभागृहात भाडं भरल्याशिवाय बाई मध्यरात्री बसू शकत नाही. या मैदानानं दीडशेहून जास्त वर्षं कुणाला काही विचारलं नाही, म्हणून शिपाई, साधू, कासार, कुणबी, मोटारसायकलवाला, आत्या, सगळ्यांचं तिथं भागलं.

तरी काहीच बांधू नका, असंही मी म्हणणार नाही. गेल्या वेळी आत्याला घेऊन गेले तर ती दुपारपासून पाण्याचा घोट घ्यायला तयार नाही. मला वाटलं पित्त. तर म्हणे, "प्रदर्शनीला जायचं असलं की आम्ही पाणी पीतच न्हाई. तिथं बायांनी जायचं कुठं?" साठ वर्षांची ही सवय. रामलीला, पाळणा, घर वरून चिमटीएवढं दिसणं, या सगळ्या सुखात ती तहानलेली होती, आणि तिच्यासारख्या हजारो. बरोबर असलेल्या तिच्या नातसुनेनंही दुपारपासून पाणी घेतलेलं नव्हतं. तिला ते कुणाकडून शिकावं लागलं नाही. तेव्हा कुणाला या मैदानावर काही बांधायचीच हौस असेल, तर सभागृह राहू द्या. चारी कोपऱ्यांत बायकांसाठी पक्की स्वच्छतागृहं बांधा, आत नळ, बाहेर दिवा, आणि दसऱ्याचे दिवस रात्री एकपर्यंत झाडणारी बाई पगारावर ठेवा. माझ्या त्या पाहुण्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय सुटतं?